गारठ्यात रुसलेली करवत

"मुंजा बसलाय मशीनवर! दोरी ओढणाऱ्याचा हात धरून ठेवलाय त्यानं!"

पिंपळाखाली धुनी लावून बसणाऱ्या भस्मेबाबाने चिमटा आपटला आणि पिंपळाभोवतीची माणसं दोन पावलं मागं सरली. वैजापूरजवळच्या त्या वस्तीवर सकाळी सात वाजता डिसेंबरचा गारठा मी म्हणत होता. मधोमध कडुबा लाकूडतोड्या चेनसॉ, म्हणजे पेट्रोलवरची करवत, पायाने दाबून दोरी ओढत होता. वीस, पंचवीस, तीस झटके. मशीन घरघरायचं आणि गप्प व्हायचं. कडुबाच्या तळहाताला फोड आले होते.

अंगणवाडीच्या दारात उभ्या असलेल्या रूपालीताईचं डोकं भणभणत होतं. पिंपळाची एक भलीमोठी फांदी बुंध्यापाशी चिरून नेमकी अंगणवाडीच्या पत्र्यांवर झुकली होती. ती काढण्यासाठी पावसाळ्यापासून अर्ज करून करून तिने पंचायतीचा ठराव मिळवला होता. आणि आता चार दिवस झाले, बाबाच्या मंत्राशिवाय मशीनच चालू होत नव्हतं.

वर बाबाचा निवाडा ठरलेला. "जिनं झाडाला करवत लावायला सांगितली, तिच्यावर कोप हाय. तिनं सात दिवस ओल्या लुगड्यानं झाडाला फेऱ्या घालाव्या. तवर तिच्याकडं लेकरू धाडू नका!"

बावीसपैकी सोळा लेकरं येईनाशी झाली होती. उरलेल्यांना ती फांदीपासून लांब, उन्हात बसवायची.

रोज बाबा मशीन आपल्या धुनीपाशी नेई, काळ्या घोंगडीखाली झाकून तासभर मंत्र पुटपुटे. मग घोंगडी काढून भस्म फासलं की दुसऱ्या झटक्याला मशीन गरजे. लोक हात जोडत. कडुबा फांदीकडे वळला की बाबा खेकसे, "बंद कर! मुंजानं दर्शन दिलंय, हुकूम नाय दिला!"

"मुंजाला वाळूजच्या कंपनीसारखी सकाळपाळी हाय का?" रूपालीने वैतागून विचारलं. "उन्हं चढली की चालतंय, गारठ्यातच काहून नाय?"

कोणी हसलं नाही. चतुराबाईने तर नातीला पदराआड ओढलं. ते रूपालीच्या फार जिव्हारी लागलं. त्या पोरीला तिनेच पहिली अक्षरं शिकवली होती.

दुपारच्या एसटीने ती वैजापूरला गेली. फवारणीचे पंप आणि करवती दुरुस्त करणाऱ्या शफीक मिस्त्रीने तिचं सगळं ऐकून घेतलं.

"ताई, थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाय. म्हणून चोक देऊन हवा कमी करायची, पेट्रोल जास्त जाऊ द्यायचं. तुमच्या मशीनचा चोक लागतच नसंल. पण गरम झाल्यावर त्याची गरजच पडत नाय. तो बाबा मशीन गरम करतोय बघा."

दुसऱ्या सकाळी शफीक गर्दीत उभा राहिला. कडुबाचे झटके झाले, मशीन घोंगडीखाली गेलं, मंत्र सुरू झाले. रूपाली तरातरा पुढे गेली आणि तिने घोंगडी ओढून काढली.

"पाप लागंल!" बाबा किंचाळला.

मशीनखाली पोत्यात गुंडाळलेल्या दोन विटा होत्या. धुनीत तापवलेल्या. शफीकने हात लावून झटकन मागे घेतला.

"अरे, पेट्रोलच्या टाकीखाली तापलेली वीट? भडका उडाला असता तर हा कडुबाभाऊ जळून गेला असता!"

त्याने मशीनवरचं झाकण उघडलं. चोकचा खटका ओढला तरी आतली झडप हलत नव्हती. तिला जोडणारी बारीक तार निसटली होती. त्याने ती बसवली.

"आता चालू करून दाखव की," सरपंच काकासाहेब म्हणाले.

"आज नाय. आज मशीन गरम हाय, मग खरंखोटं काय कळणार? उद्या, ह्याच वेळेला."

दुसऱ्या दिवशी गारठा तसाच होता. बाबाची धुनी मात्र विझलेली. तो पहाटेच निघून गेला होता. शफीकने कडुबाला समजावलं, "चोक लाव. ओढ. फट्ट असा आवाज आला की चोक सोड आणि परत ओढ." चौथ्या झटक्याला मशीन गरजलं. ना भस्म, ना मंत्र. नऊ वाजेपर्यंत फांदी खाली आली, पत्र्याला धक्काही न लागता.

"बाबानंच जाता जाता मुंजाला समजावलं असंल," चतुराबाई पुटपुटली.

रूपालीच्या डोळ्यांत संतापाने पाणी आलं. तिने शफीकला मशीनचं झाकण काढायला लावलं आणि चतुराबाईचा हात धरून तिला तिथे नेलं. "आजी, ओढा हा खटका."

म्हातारीने ओढला. झडप मिटली. सोडला, उघडली.

"एवढंसंच व्हतं?"

"एवढंसंच."

"मंग इतके दिवस कोणी उघडून काहून नाय पाहिलं?"

कडुबाने मान खाली घातली.

"कारण भ्यायला सोपं जातं, आजी, पाहायला नाय," रूपाली म्हणाली. मग ती सगळ्यांकडे वळली. "मशीन अडलं तर मिस्त्रीला विचारा, लेकरू तापलं तर डॉक्टरला. आणि उद्या कोणी म्हणालं, अमक्या बाईमुळं कोप झाला, तर हात जोडायच्या आधी त्याला एवढंच विचारा, कशावरून?"