बंद दाराआडचं उत्तर

मत्स्य निरीक्षकाच्या मुलाखतीत दार लावून साहेबांनी तिला विचारलं, "मासेमारीबंदीत सख्ख्या भावाची बोट सापडली तर?"

"जप्त करीन," ती म्हणाली. साहेब हसले. तिथंच तिची निवड झाली.

ती आनंदात घरी पोचली, तर भाऊ ओट्यावर फाटलं जाळं सांधत बसला होता. वर न बघताच तो म्हणाला, "ताई, माझी बोट जप्त करणार म्हणे?"

खोलीत तर साहेब आणि ती दोघंच होती.

"आधीचा निरीक्षकही असाच ताठ होता," भाऊ मायेनं म्हणाला. "पट्टीचा पोहणारा, तरी बुडाला बिचारा."

ती नोकरीवर रुजू झाली. पण भावाच्या बोटीत पुन्हा कधीच बसली नाही.