नुसते हात ठेवा

मी एक जुनी काचेची पेटी आहे. मित्रांनो, माझ्यात खाऊ नसतो, दागिने नसतात. माझ्यात बाळं राहतात. घाईघाईने जन्माला आलेली, दोन ओंजळींत मावतील एवढी.

कारखान्यात माझे पत्रे जोडले, काचा बसवल्या, पोटात ऊब भरली. इस्पितळात आले तेव्हा माझा काय तोरा होता! डॉक्टर येणाऱ्या-जाणाऱ्याला मला कौतुकाने दाखवायचे. किती बाळं माझ्यातून गुटगुटीत होऊन घरी गेली! मग चकचकीत नव्या पेट्या आल्या आणि माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. डोक्यावर खोकी रचली गेली. मला वाटलं, संपलं आपलं.

एका सकाळी सगळ्या नव्या पेट्या भरल्या आणि आणखी एक इवलीशी मुलगी जन्मली. मिस्त्रीने मला बाहेर काढलं, तारा बदलल्या, आत हात घातला आणि ओरडला, "अहो, म्हातारी अजून तापते की!"

पण मला पाहून बाळाची आई रडवेली झाली. "माझ्याच लेकीच्या वाट्याला ही जुनाट पेटी?"

"देव आहे ना गं," आजी म्हणाली.

"कुठे आहे, आई? असता तर ही काचेत असती का?"

आजीने तिला जवळ घेतलं.

लेक म्हणजे मूठभर जीव. श्वास घेता घेता मध्येच विसरायची. मग मी ठणाणा करायची. सिस्टर धावत येऊन तिच्या तळपायाला हळूच टिचकी मारायच्या आणि श्वास पुन्हा सुरू व्हायचा. आई दारात गोठून उभी असायची.

एके दुपारी सिस्टरनी माझ्या दोन्ही गोल खिडक्या उघडल्या. आईने हात आत घातला आणि भराभर लेकीला कुरवाळलं. लेक आक्रसली, श्वास अडखळला, मी ओरडले. चटका बसावा तसा आईने हात मागे घेतला.

"माझा हातसुद्धा सोसत नाही हिला!"

"कुरवाळणं सोसत नाही. हात सोसतो," सिस्टर म्हणाल्या. "एक तळवा डोक्यावर, एक पायांशी. नुसते ठेवा."

"काहीच न करता?"

"ठेवून तर बघा."

आईने हात ठेवले. लेकीच्या आवळलेल्या मुठी सैल झाल्या. डोळे मिटलेलेच होते, हात कोणाचे तिला ठाऊक नव्हतं. पण श्वास संथ चालू लागला. आई बघतच राहिली. मग पुटपुटली, "देवा, तूही असाच हात ठेवून आहेस का रे? आणि मी म्हणतेय, तू काही करतच नाहीस."

तिची काळजी गेली नाही, मित्रांनो. पण आता ती दारात थांबायची नाही. ती रोज यायची, हात ठेवायची, देवाशी बोलायची.

आणि एक दिवस ती घाबरून ओरडली, "सिस्टर, पेटी बिघडली! सकाळपासून वाजलीच नाही!"

सिस्टरनी मला तपासलं, लेकीला तपासलं आणि खो खो हसल्या. "पेटी ठणठणीत आहे हो! तुमची लेक आता श्वास घ्यायला विसरत नाही!"

आई हसली, रडली, आजीच्या गळ्यात पडली. "आहे गं आई, आहे! इथेच होता!"

घरी निघताना लेकीने असं भोकाड पसरलं की खोलीतली सगळी पलटण जागी झाली.

मित्रांनो, माझ्यासारखी पेटी दिसली तर काचेवर टकटक करू नका, आतले जीव दचकतात. आणि कठीण वेळ आली, देव दिसेना, तर तो निघून गेला असं समजू नका. आपण फक्त श्वास घेत राहायचं.

आता मला पुसून घेतायत. पुढचं बाळ येतंय. ये, बाळा, ये!