माळ्यावर राहिलेली नाताळची परात

मित्रांनो, मी एक जुनी पितळी परात आहे. भुलेश्वरच्या एका तांबटाने मला ठोकून घडवलं आणि ठाकूरद्वारच्या चाळीतल्या ॲन्टोनेटच्या सासूने मला हौसेने विकत आणलं. तिथल्या स्वयंपाकघरात भांडी खूप होती, पण डिसेंबर उजाडला की मान फक्त माझा!

‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगिजांबरोबर इथे आला. नाताळच्या आदल्या रात्री उपास सोडताना ते जे खात, त्याला म्हणे ‘कोन्सोआदा’ म्हणायचे. बोलता बोलता त्याचं ‘कुसवार’, म्हणजे नाताळचा फराळ, झालं, असं सासूबाई सांगत. नाव परदेशी, पण पदार्थ बघा तर पक्के इथले. नेवरी म्हणजे आपली करंजीच. मैद्याच्या गोळ्या काट्याच्या पाठीवर दाबून वळायच्या आणि तळायच्या, की झाले कुलकुल. येशूबाळाला भेटायला ज्ञानी लोक दुरून भेटी घेऊन आले होते, म्हणून शेजारी वाटल्याशिवाय आपण खायचं नाही, हा सासूबाईंचा नियम. क्रोशाचा रुमाल पांघरून मी पहिली जायची ती भिंतीपलीकडच्या रमाबाई सावंतांकडे. मी रिकामी परत यायची नाही, हा रमाबाईंचा नियम. संक्रांतीला तिळगूळ भरूनच त्या मला घरी धाडायच्या. दोन घरांत मी किती मिरवले म्हणून सांगू!

मग एका जानेवारीत, मी रमाबाईंकडे असतानाच त्यांचे यजमान जयवंतराव गेले. दुःखाच्या घरी तिळगूळ कुठला? "रिकामी कशी देऊ?" असं म्हणून रमाबाईंनी मला माळ्यावर ठेवलं. वर्षभर सण नाही, म्हणून दिवाळीचा फराळही झाला नाही.

पुढचा नाताळ आला. दुःखाच्या घरी गोडधोड शेजाऱ्यांनी न्यायचं, ही रीत दोन्ही घरांत सारखीच. पण ॲन्टोनेट आली नाही. भिंतीतून तिचा आवाज मला ऐकू आला. ती नवऱ्याला, आग्नेलोला, सांगत होती, "परात ठेवून घेतली त्यांनी. आता पाठवू नका, असंच असेल ना त्यांच्या मनात?" इकडे रमाबाई दाराकडे बघत बसल्या होत्या. "परात दिली नाही म्हणून रागावली असेल," त्या सुनेला म्हणाल्या. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण परातीचं कोण ऐकतं?

अबोला नव्हता हो. जिन्यात भेटल्या की दोघी "बरं आहे ना?" विचारायच्या आणि निघून जायच्या. संक्रांत आली की ‘आता इतक्या उशिरा कशी नेऊ?’ म्हणत रमाबाई मला माळ्यावरच ठेवायच्या. मी धूळ खात पडले. दर डिसेंबरला पलीकडे नारळ खवल्याचा आवाज येई आणि माझा जीव तुटे. काही वर्षांनी आग्नेलोही वारला. मग एका डिसेंबरात तो आवाजही आला नाही. आली ती खोक्यांना चिकटपट्टी लावल्याची करकर.

"ॲन्टोनेट आंटी उद्या वसईला चालल्या, लेकीकडे, कॅरिसाकडे. कायमच्या," सून सुचित्रा म्हणाली.

रमाबाई उठल्या. त्यांनी मला खाली काढायला लावलं आणि चिंचेने घासलं. "थांबा, मिठाई मागवते," सुचित्रा म्हणाली.

"नको. मिठाई येईपर्यंत माझा धीर जाईल," रमाबाई म्हणाल्या आणि तशाच गेल्या. जन्मात पहिल्यांदा मी रिकामी चालले होते. लाजेने मेल्यासारखं झालं मला.

दार उघडलं. "रिकामीच आणलीय गं," रमाबाई म्हणाल्या. "भरून द्यायची, भरून द्यायची म्हणत राहूनच गेली."

ॲन्टोनेटने मला हातात घेतलं आणि न बघताच खोक्यावर ठेवलं. "परातीचं काय घेऊन बसलीस, रमा? परात बाजारात मिळते. मी तुझी वाट बघत होते."

दोघी खोक्यांमध्ये जमिनीवर बसल्या. जयवंतरावांबद्दल बोलल्या, आग्नेलोबद्दल बोलल्या, खूप रडल्या. सकाळी टेम्पो आला.

आता मी वसईला असते. इथे दारं बंद असतात, मला कुठे जायचं नसतं. मित्रांनो, तुमच्या घरी कुणाचं भांडं राहिलं असेल, तर आजच नेऊन द्या. भरायला काही नसलं, तर रिकामंच द्या. पण स्वतः जा. माझ्या दोघींमध्ये एक वीतभर भिंत होती आणि हाताशी इतकी वर्षं होती. त्यातली एकच संध्याकाळ त्यांना मिळाली.