हातांवर बसून दिलेली परीक्षा

सासूबाईंना जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण त्यांचा उजवा गुडघा मला अजून आठवतो. त्याच्यामुळे तर मी शिकवायला लागले.

वॉर्डात माझा हात चांगला चालायचा. शीर सापडली नाही की सगळ्या नर्स मलाच हाक मारायच्या. आणि त्या हातानेच नव्या नर्सना शिकवण्याच्या परीक्षेत मला नापास केलं. समोरची मुलगी सरावाच्या रबरी हातात सुई घालताना चाचपडली. मी सुई तिच्याकडून घेतली आणि पटकन घालून दाखवली!

"सुई छान घातलीत," परीक्षक मॅडम म्हणाल्या. "पण शिकलं कोण?"

आता एकच संधी उरली होती, आणि मला शिकवायचंच होतं.

घरी सासूबाईंनी दुखरा गुडघा पुढे केला. "घे, यावर सराव कर. पट्टी हा बांधेल, तू नुसतं तोंडाने सांग."

हा म्हणजे माझा नवरा. बुटाच्या नाडीशीही भांडणारा माणूस. त्याने पट्टी हातात घेतली की माझे हात शिवशिवायचे.

"अगं, हात!" सासूबाई ओरडल्या.

"आपोआप जातात हो, आई."

"मग बस त्यांच्यावर!"

"आणि हिच्या तोंडावर कोण बसणार?" नवरा पट्टीशी झटापट करत म्हणाला.

मी खरंच हातांवर बसले. आवाजही खाली आणला. मग लक्षात आलं, 'असं नव्हे, तसं' म्हटलं की तो चिडतो. 'कुठे सैल वाटतंय?' विचारलं की स्वतःच सोडून नीट गुंडाळतो.

परीक्षेत मी आधी स्टूल मागून घेतलं आणि हात मांड्यांखाली दाबले. समोर पुन्हा तीच मुलगी. सुई आत गेली, पण रबरी हातात रक्ताऐवजी भरलेलं लाल पाणी नळीत काही येईना. माझी बोटं वळवळायला लागली.

"टोक कुठे असेल, काय वाटतं?" मी विचारलं.

ती थांबली. बोटाने शीर चाचपली, सुई जराशी मागे घेतली, दिशा बदलली. नळीत लाल थेंब चमकला.

"आलं! मॅडम, आलं!"

टाळ्या वाजवायला मी हात काढले, तर दोन्ही बधिर!

"आता शिकली," परीक्षक मॅडम हसल्या. "पास! पण ही स्टुलाची पद्धत कुठली?"

"सासूबाईंची."

घरी बातमी ऐकून सासूबाईंनी आधी डोळे पुसले, मग गुडघा पुढे केला.

"झालीस ना पास? मग ही पट्टी आता तू बांध गं बाई. याच्या बांधण्याने पायाला मुंग्या आल्यात."