कोल्ह्याचा मुखवटा

“हे काढायचं हाय, यासीनदादा,” असं म्हणत संयोगितानं बाही कोपराच्या वर सारली आणि उजवा हात माझ्या टेबलावर, दिव्याखाली ठेवला.

मला हसूच आलं. चार वर्षांपूर्वी हाच हात याच दिव्याखाली तीन तास पडून होता. मनगटापासून वर तळहाताएवढा कोल्ह्याचा मुखवटा. काळ्या बारीक रेघा, लाल कपाळ, लाल मिशा आणि दोन्ही कानांपासून सुटलेल्या लाल दोऱ्या. चित्र तिचं, सुई माझी. माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम तेच. त्याचा फोटो मी दुकानाच्या काचेला लावला आणि तो बघून पार कराड-तासगावहून गिऱ्हाईक आलं.

“चेष्टा करतीस व्हय?”

“न्हाई. अकरा दिवसांत जायला पायजे हे.”

ती हसत नव्हती. एरवी दुकानात शिरताना कमरेत वाकून जपानी नमस्कार करायची, वडापाव खाण्याआधी हात जोडून ‘इतादाकिमास’ म्हणायची. त्या दिवशी सरळ आत आली आणि खुर्चीत बसली.

माझं दुकान पलूसच्या स्टँडसमोर. बाप जत्रांमधून बॅटरीच्या मशीनवर नावं गोंदायचा. मी काच लावली, गार हवेचं मशीन लावलं आणि गोंदण्याला टॅटू म्हणायला लागलो, एवढीच काय ती प्रगती. ‘आई’, शिवमुद्रा, त्रिशूळ आणि प्रेयसीचं नाव, यावर माझं घर चालतं. लग्न दुसरीशी ठरलं की त्याच नावावर पुन्हा त्रिशूळ. पण माझे दोन नियम आहेत. एक, अठरा पूर्ण झाल्याचं आधार कार्ड बघतो. दोन, पोरगा असला की विचारतो, “भरती द्यायची हाय का?” आमच्या भागात घरटी एक फौजी. हातावर मोठं चित्र दिसलं की भरतीचा डॉक्टर पोराला माघारी धाडतो. ‘व्हय’ म्हणाला की मी त्याला चहा पाजतो आणि घरी घालवतो. कितीतरी आयांनी त्यासाठी मला दुवा दिलाय.

संयोगिताचं आधार कार्ड मी बघितलं होतं. दुसरा प्रश्न विचारला नव्हता. पोरीला काय विचारायचं?

ती सुभेदार नानासोंची एकुलती एक, त्यांना आबा म्हणायची. वस्ती पलूसपासून चार किलोमीटरवर, चहूकडून ऊस. सांगलीला नर्सिंग शिकायला जायची तेव्हा एसटीत चार मैत्रिणी एका मोबाईलवर जपानी कार्टून बघत जायच्या, एक वायर दोघींच्या कानात. मी कार्टून म्हटलं की चिडायची. “कार्टून न्हाई, अ‍ॅनिमे!” गोंदताना मी तिला विचारलं होतं, त्यात एवढं काय आहे म्हणून. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, “त्यातली पोरगी एकटी रेल्वेत बसती, खिडकीतनं बघत जाती. कुठं चाललीस, कुणासंगं चाललीस, कोण म्हणून इचारत न्हाई.” दुखत होतं तरी तिनं हात हलवला नव्हता.

नुसत्या चित्रांवर थांबणारी ती नव्हती. नर्सिंग झालं, नोकरी धरली, ड्युटी संपली की सांगलीतल्या जपानीच्या क्लासला बसायची. दोन परीक्षा पास झाली. आणि आता जपानमधल्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करायला तिचं नाव निघालं होतं. अकरा दिवसांनी तिथली माणसं स्वतः सांगलीला येऊन शेवटची परीक्षा घेणार होती. खाटेवरच्या माणसाला आंघोळ कशी घालता ते करून दाखवायचं. बाह्या कोपराच्या वर.

“आमच्या सेन्सेईंनी परवा हात बघितला,” ती म्हणाली. सेन्सेई म्हणजे क्लासच्या बाई. “म्हणाल्या, वेडी का काय तू? तिथली म्हातारी माणसं गोंदलेला हात बघून घाबरत्यात. त्यांच्या काळात गुंड लोकच गोंदायचे. आश्रमवाले घेणारच न्हाईत.”

“पर ह्यो तर त्यांचाच मुखवटा की!”

“तेच तर.”

जपान एवढं आवडलं की हातावर घेतलं, आणि हातावर घेतलं म्हणून जपान हातचं चाललं. असला प्रकार मी जन्मात ऐकला नव्हता.

मी तिला सगळं खरं सांगितलं. लेझरनं निघतं, पण आठ-दहा वेळा जावं लागतं, दर खेपेला महिनाभर थांबायचं, आणि लाल रंग तर लय चिवट. वरून कातडीच्या रंगाची शाई भरली तर कोड फुटल्यासारखं दिसेल. मेकअप लावला तर आंघोळीच्या पाण्यात धुऊन जाईल. ती मान हलवत ऐकत होती. सगळं आधीच शोधून आली होती पोरगी.

“न्हाई जमलं तर पुढच्या वर्षी जा की.”

“आबांनी सांगितलंय. ह्या बारीला लागली तर जा, न्हाईतर दिवाळीनंतर लग्नाचा बार उडवायचा. खंडाळ्याचं स्थळ हाय. ते लोक बघूनबी गेले.” मग एकदम तिनं विचारलं, “दादा, ती रंगुबाई हाय का अजून?”

माझ्या हातातला कापूस तिथंच थांबला.

आमची उचलली जीभ लावली टाळ्याला. गोंदताना गिऱ्हाइकाचं मन रमवायला मी काहीबाही बोलत असतो. तिला मीच सांगितलं होतं, आमच्या गल्लीतली रंगुबाई बिब्ब्यानं गोंदण काढायची. बिब्बा विस्तवावर तापवून सुईनं टोचायचा, तेलाचा काळा थेंब निघतो, तो गोंदणावर फिरवायचा. कातडी फोड धरून निघते, तिच्याबरोबर नावही जातं. हे सांगितलं. पण रंगुबाईनं ज्यांची नावं काढली, त्यातल्या दोघींचे हात कसे झाले होते, ते नव्हतं सांगितलं. चांगल्या गोष्टीला कशाला गालबोट म्हणून.

“रंगुबाई मेली,” मी म्हणालो. “आणि ऐक, बिब्बा उततो, अंग सुजतं, फोडं येत्यात. कुणाला उततो, कुणाला न्हाई, आधी कळत न्हाई. नर्स हायस तू. शानी हायस.”

“नर्स हाय म्हणूनच,” ती बाही खाली करत म्हणाली. “भाजलेल्या डागाला कोण काय म्हणत न्हाई, दादा. भाकरी करताना भाजलं म्हणून सांगायचं. गोंदणाला मातुर कायबी सांगता येत न्हाई.”

एवढं शांतपणे बोलली आणि उठली. ती गेली. काचेवर तिचा फोटो, आणि फोटोच्या पलीकडून ती स्वतः एसटीकडं जाताना दिसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारचा किराणा दुकानदार लालासाहेब चहाला आला. बशीत चहा ओतता ओतता म्हणाला, “सुभेदाराच्या घरात बाळंतीण कोण हाय रं?”

“का?”

“पोरगी बिब्बं घिऊन गिली सकाळी. चांगलं मूठभर. म्हणलं, कुणाचा शेक-बिक असंल.”

माझ्या खुर्चीत तेव्हा एक पैलवान बसला होता, पाठीवर अर्धी शिवमुद्रा झालेली. मी उठायला पाहिजे होतं. ते न करता मी फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मनात आलं, जावं वस्तीवर. लगेच दुसरं मन म्हणालं, पलूसचा यासीन सुभेदाराच्या तरण्या पोरीला भेटायला वस्तीवर गेला, हे संध्याकाळपर्यंत चार गावांत होईल, आणि त्यात तिचीच शोभा होईल. आज सांगतो ते खरं सांगतो. तिच्या शोभेपेक्षा मला माझ्या काचेची काळजी जास्त होती. हल्ली काच फुटायला वेळ लागत नाही. मी पैलवानाची उरलेली मुद्रा पुरी केली. रेघ सरळ आली.

असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी राहवेना. सकाळी गाडीला किक मारली आणि वस्तीवर गेलो.

उसातून जाणारी वाट अरुंद. पुढं घर आहे हे माहीत असूनही दिसत नाही. कुत्रं ओळखीचं नव्हतं, तरी ते भुंकलं नाही, नुसतं बघत राहिलं. नानासो अंगणात लोखंडी खुर्चीवर बसले होते, ताठ. समोर मोरीपाशी बादलीत हळदीच्या डागाची फडकी भिजत पडली होती.

“ये यासीन,” ते म्हणाले. “मला वाटलंच तू येशील.”

“सुभेदार, संयोगिता...”

“आत हाय. ताप हाय. काल सांगलीला न्हिऊन आणली. हात कोपरापातूर सुजलाय, ह्यो एवढा.” त्यांनी स्वतःची मांडी दाखवली. “डॉक्टर म्हणाला, एक दिस उशीर केला असता तर हात राखायची खात्री न्हवती.”

एक दिवस. मी दोन दिवस शिवमुद्रा आणि ‘आई’ गोंदत बसलो होतो.

“माझी चूक हाय, सुभेदार. मी त्या टायमाला इचारायला पायजे होतं. पोरांना इचारतो मी, भरती द्यायची हाय का म्हणून. तिला न्हाई इचारलं.”

ते शिव्या देतील, अंगावर येतील, अशी माझी तयारी होती. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण नानासोंनी नुसती बादलीकडं मान वळवली.

“सत्तावीस वरसं फौजेत काढली मी,” ते म्हणाले. “गोंदणासाठी माघारी जाणारी पोरं ह्या डोळ्यांनी बघितल्यात. रडत जायची. ती चित्र गोंदून घरी आली त्या दिशी मला दाखवलं तिनं. म्हणलं, झाक हाय. मनात येऊन गेलं बघ, की गोंदण वंगाळ, आड येतं. पर म्हणलं, पोरगी हाय. तिला कोण तपासतंय?”

आतून संयोगितानं पाणी मागितलं. आवाज तिचा वाटलाच नाही. नानासो उठले. मला आत बोलावलं नाही, आणि मीही गेलो नाही.

परीक्षेला ती गेली. आबा नको म्हणत असताना गेली. मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी. हे मला तिनंच नंतर सांगितलं. खाटेवर एक बाहुला निजवलेला होता, माणसाएवढा. तिनं जपानीत त्या बाहुल्याला नमस्कार घातला, पाणी गरम आहे का ते डाव्या हाताच्या कोपरानं बघितलं, आता मी तुमचा खांदा उचलते आजोबा, असं त्याला सांगितलं. बाकीच्या पोरी बाहुल्याशी बोलल्याच नव्हत्या. तपासायला आलेली जपानी बाई लिहायची थांबली आणि बघत राहिली. मग जवळ आली आणि पट्टीकडं बोट करून विचारलं, हे काय?

“भाकरी करताना भाजलं म्हणालीस?” मी विचारलं.

“न्हाई. तोंडात आलंच न्हाई ते. खरं सांगितलं. दोन वरसं त्यांची भाषा शिकले, खोटं कुठं शिकले?” ती जरा हसली. “आणि उघड्या जखमेच्या हातानं कुणाला आंघोळ घालायची न्हाई, हे आमाला पैल्याच वरसाला शिकवलेलं. त्या बाईनं बोलायच्या आधी मीच बादली खाली ठेवली.”

त्या बाईनं तिच्यापुढं खूप खाली वाकून नमस्कार केला म्हणे. निकाल तोच होता, नापास.

हे ती मला सांगत होती तेव्हा माघ सुरू होता. लग्नाची पत्रिका द्यायला आली होती. बाही पूर्ण, मनगटावर बटण लावलेलं. मी हात बघायला मागितला नव्हता. तिनंच बटण काढलं. शाई सगळी गेली होती. काळी गेली, लालही गेली. आणि जिथून जिथून तिनं बिब्ब्याचा थेंब फिरवला होता तिथं कातडी पांढुरकी होऊन वर उचलली होती. कान, कपाळ, मिशा, दोन्ही दोऱ्या. पोरीनं रेघ न् रेघ गिरवली होती, चुकून बाहेर गेली नव्हती. मुखवटा तसाच होता, फक्त आता तो कुणालाच काढता येणार नव्हता.

“मनगट पूर्ण वळत न्हाई,” ती म्हणाली. “माणसं उचलायचं काम व्हायचं न्हाई आता. खंडाळ्याच्या एका दवाखान्यात ओपीडीला घेत्यात. नावं पुकारायची.”

“खंडाळा चांगलं हाय,” मी म्हणालो. काहीतरी म्हणायला हवं होतं.

“व्हय. सासूबाईंनी इचारलंय, कितीच्या गाडीनं जाणार, कुणासंगं येणार.” मग काचेकडं वळून म्हणाली, “दादा, तेवढा फोटो दे मला.”

मी नखानं चिकटपट्टी सोडवली आणि फोटो तिच्या हातात दिला. तिनं पर्समधून पासपोर्ट काढला, कोरा करकरीत, आणि त्याच्या पानांत फोटो ठेवला. दारात जाऊन ती वळली आणि कमरेत वाकून पूर्वीसारखा नमस्कार केला. इतकी वर्षं त्या नमस्काराला मी हसत आलो होतो. त्या दिवशी खुर्चीतून उठलो आणि मलाही वाकता आलं तेवढा वाकलो.

काचेवरच्या काळ्या फिल्मचा रंग उन्हानं उडालेला. फोटो होता तेवढा चौकोन मात्र अजून गडद आहे. गेल्या आठवड्यात कॉलेजची एक पोरगी आली, गळ्यात वायर, पाठीवर सॅक. त्या चौकोनावर बोट ठेवून म्हणाली, “हितं ते कोल्ह्याचं होतं न्हवं? मला तेच पायजे. हातावर.”

मी आधार कार्ड बघितलं. अठरा पूर्ण.

“पुढं कुठं जायचं हाय का?” मी विचारलं.

“म्हंजे?”

“नोकरीला. परदेशात. कुठंबी.”

ती खो खो हसायला लागली. “मी? मी कुठं जातीय!” म्हणाली, आणि बाही वर करून हात दिव्याखाली ठेवला.

मी दिवा बंद केला आणि समोरच्या गाड्यावर ओरडून दोन चहा सांगितले.