पुतळ्यापुढची फुलं

"बाई, अजून किती वेळ? लोक यायला लागलेत," रामुनेनं पडद्याआडून विचारलं.

"मला काय विचारतेस? तारांना विचार," एल्विरा म्हणाली आणि तिनं सूर लावायची किल्ली पुढच्या खुंटीवर चढवली.

रामुने आमच्या संगीत शाळेची मुख्याध्यापिका. लहानपणी ती एल्विराकडेच हार्प शिकत होती. पुढे ती कागदपत्रांकडे वळली आणि तिथे मात्र तिचा हात चांगला बसला. मी झेनोनास, त्याच शाळेत अकॉर्डियन शिकवतो. माझं बरं चाललंय, कारण लग्नात नाचायला अकॉर्डियन लागतंच. हार्प कुणाच्या लग्नाला लागत नाही.

त्या दिवशी मोतियेयुस गिर्द्वाइनिसची जन्मशताब्दी होती. एवढा मोठा संगीतकार आमच्या गावात जन्मला, म्हणून गावानं त्याचं नाव चौकाला दिलं, शाळेला दिलं आणि चीजच्या एका प्रकारालाही दिलं. त्याचं संगीत ऐकायचं तेवढं राहून गेलं होतं. त्यानं जन्मभर भल्यामोठ्या वाद्यवृंदांसाठी लिहिलं, आणि हार्पसाठी एकच छोटी रचना केली, 'नदीकाठची संध्याकाळ'. एल्विरानं ती गावातल्या कितीतरी मुलांना शिकवली. मुलं ती वाजवायला शिकली, मोठी झाली आणि विल्नियसला, डब्लिनला, ऑस्लोला निघून गेली. आता तिच्या वर्गात एकही मूल उरलं नव्हतं.

म्हणून वरून आदेश आला होता की हार्प किनाऱ्यावरच्या मोठ्या शाळेला देऊन टाका. कार्यक्रम संपला की ती न्यायला गाडी येणार होती.

"एक मूल दाखवा, बाई," रामुने आठवडाभर म्हणत होती. "एकच. मी गाडी परत पाठवते, मग वरचे काय बोलायचं ते बोलोत."

एल्विरानं ते मनावर घेतलं. सांधे दुखत असताना ती बालवाडीच्या दारात उभी राहून मुलांच्या आयांना कार्यक्रमाची बोलावणी करून आली. शेवटी ती स्वतः 'नदीकाठची संध्याकाळ' वाजवणार होती. "मोठ्या गोष्टींनी पोरं भुलत नाहीत," ती मला म्हणाली होती. "पोरं या एवढ्याशानं भुलतात. तू बघच."

मी बघत होतो. आधी नगराध्यक्ष बोलले. गिर्द्वाइनिसपासून निघून ते रस्त्याच्या डांबरीकरणापर्यंत आले आणि तिथेच रमले. त्यांच्यानंतर उपाध्यक्ष बोलले, कारण ते गप्प बसले असते तर लोकांना वाटलं असतं की दोघांचं बिनसलंय. मग विल्नियसहून आलेली तरुण वादक एल्विराच्या हार्पपाशी बसली. मी तिला नावं ठेवायच्या तयारीतच होतो, पण पोरगी फार सुंदर वाजवून गेली, खोटं कशाला बोलू? फक्त मागच्या रांगांतली मुलं तोवर पेंगायला लागली होती. खेड्यांकडे जाणारी शेवटची बस होती, तेव्हा आयांनी एकेकाला उठवून बाहेर नेलं. पडद्याआड हिरवा झगा घालून बसलेली एल्विरा ती जाणारी डोकी बघत होती.

रामुने वाकून तिच्या कानाशी आली. "बाई, फार उशीर झालाय. नगराध्यक्षांना पुढे जायचंय. तुमचं आजच्या दिवस राहू दे."

"आजच्या दिवस?" एल्विरा म्हणाली. "आणि उद्या कशावर वाजवू, तुझ्या टेबलावर?"

रामुने वाईट बाई नाही. तिला लाज वाटली, आणि त्या लाजेपोटीच पुढचा घोटाळा झाला. वाजवलं नाही तरी बाईंचा मान राहावा म्हणून तिनं एल्विराला मंचावर बोलावलं. एवढ्या वर्षांच्या सेवेबद्दल दोन शब्द बोलून झाले, तेव्हा लक्षात आलं की फुलं संपली आहेत. तिनं बाजूला बघून हात हलवला. शिपाईण धावत बाहेर गेली आणि पांढऱ्या कार्नेशनचा एक गुच्छ घेऊन आली. रामुनेनं तो न बघताच एल्विराच्या हातात दिला.

आमच्याकडे माणूस आधी फुलं मोजतो, मग देणाऱ्याचं तोंड बघतो. जित्या माणसाला विषम, मेलेल्याला सम. हे कुणी शिकवत नाही, मूल चालायला शिकतं तसं ते येतं. गुच्छात सहा फुलं होती. दुपारी नगराध्यक्षांनी दारातल्या गिर्द्वाइनिसच्या पुतळ्यापुढे ठेवलेली.

पहिल्या रांगेतल्या टाळ्या मध्येच अडखळल्या. नगराध्यक्षांच्या बायकोनं तोंडावर हात ठेवला. रामुने गळ्यापर्यंत लाल झाली. एल्विरानं फुलांवरून नजर फिरवली, गुच्छ छातीशी धरला आणि पहिल्या दिवशी मुलींना शिकवायची तशी वाकून नमस्कार केला.

लोक बाहेर मांडलेल्या जेवणाकडे वळले. सभागृह रिकामं झालं, तेव्हा मागे राहिलेली एक लहान मुलगी आईचा हात सोडून थेट हार्पपाशी आली आणि तिनं एक लाल तार ओढली. सूर उठला तशी ती दचकून मागे सरली, मग पुन्हा पुढे आली.

"नाव काय गं तुझं?" एल्विरानं विचारलं.

"स्मिल्ते."

"बस इथे, स्मिल्ते. तुला एक गंमत दाखवते."

आणि एल्विरानं 'नदीकाठची संध्याकाळ' वाजवली. बोटं तिच्या मनासारखी चालत नव्हती, दोनदा चुकली. मुलगी मंचाच्या कडेवर बसून तोंड उघडं टाकून ऐकत राहिली. रामुने दारात येऊन थांबली होती.

"शिकायचंय?"

मुलीनं जोरात मान हलवली. एल्विरानं आमच्याकडे बघितलं. तिचा असा चेहरा मी कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता.

"अहो बाई," मुलीची आई अवघडून म्हणाली, "आम्ही जूनमध्ये नॉर्वेला चाललोय. हिचे बाबा तिकडेच आहेत, मासळीच्या कारखान्यात. तिकडे असेल का हो असलं वाद्य?"

"असेल," एल्विरा म्हणाली. "तिकडे सगळं असतं."

मी रामुनेजवळ गेलो. "नाव लिहून घे ना पोरीचं. जाईल तेव्हा जाईल."

"लिहिते की," ती पटकन म्हणाली.

"काही लिहू नका," एल्विरा मागून बोलली. "सप्टेंबरात शाळा उघडली की काय तिच्या खुर्चीला शिकवू?"

गाडी आली. दोन माणसांनी हार्पला गोधडी गुंडाळली, पट्टे आवळले.

"खालची काळी तार लवकर उतरते," एल्विरानं त्यांना सांगितलं. "तिथल्या बाईंना सांगाल ना?"

"सांगतो, आजी," त्यातला एक जण म्हणाला. तो सांगणार नव्हता, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

ती जिना चढून वर तिच्या वर्गात गेली. मी मागोमाग गेलो, कारण तिला एकटं सोडवेना. खिडकीशी हार्प जिथे उभी असायची, तिथे जमिनीच्या लाकडी फळ्यांवर हार्पच्या पायांचे खळगे पडलेले होते. एल्विरा त्यांच्याकडे बघत उभी राहिली. गुच्छ अजून तिच्या हातात होता.

"त्यातलं एक काढून टाक, एल्विरा," मी म्हणालो. "पाच होतील. घरी नेता येतील."

"कशाला? बरोबर आहेत."

गुडघ्यावर हात टेकत ती खाली वाकली आणि तिनं सहाही फुलं त्या खळग्यांच्या मधे ठेवली. एकाची मान मुडपली होती, ती सरळ केली. मी नकळत डोक्यावरची टोपी काढली.

मग तिनं हिरव्या झग्यावरची धूळ झटकली.

"चल," ती म्हणाली, "खाली जेवायला जाऊ. फुलं ठेवून झाली की आपल्याकडे जेवतातच."