दुसऱ्या पुडीतला अंगारा

मारुतीच्या पारापुढं सारं गाव गोळा झालं होतं. सर्जेरावांचा नातू आठ दिवसांपासून तापानं फणफणत होता, आणि करणी कुणी केली ते निळकंठबाबा पाण्यातून दाखवणार होते. दवाखाना पडला भोकरदनला, बाबा मात्र पाराशीच हजर!

ज्यांच्यावर संशय होता त्यांपैकी तीन बायकांच्या हाताला बाबांनी अंगारा चोळला. घागरीतलं पाणी पांढऱ्या वाटग्यात ओतून त्यांना हात बुडवायला लावले. पाणी होतं तसंच राहिलं. मग तुळजाबाईची पाळी आली. नवरा गेल्यापासून ती एकटीच मोसंबीची बाग सांभाळायची. बाबांनी दुसरी पुडी सोडून तिच्या हाताला अंगारा चोळला. तिनं हात बुडवले आणि पाणी गर्द निळं झालं.

"इख उतरलं! साक्षात इख!" बाबा गरजले. "हिला आजच गावाबाहेर काढा!"

सर्जेरावांनी दगड उचलला. तुळजाबाई मागं सरकली. आपल्याच हातात काही असेल का, असं क्षणभर तिलाच वाटलं, आणि त्या विचारानं ती जास्त घाबरली.

"थांबा!" शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या उषाबाई पुढं आल्या. धुपाच्या धुरातही पाण्याचा उग्र वास त्यांच्या नाकाला झोंबत होता. "बाबा, हिलाच दुसऱ्या पुडीतला अंगारा का? तो ज्या बोटांनी चोळला, तीच बोटं तुम्हीही पाण्यात घाला बरं."

"साधूची परीक्षा? भस्म व्हाल!" असं म्हणत बाबांनी हात कफनीत लपवला.

ते तुळजाबाईनं पाहिलं. तिनं त्यांचं मनगट धरलं. "मला हात बुडवायला लावला न्हाई का? मंग तुमचाबी बुडवा!"

घागरीतून नव्यानं ओतलेल्या पाण्यात बाबांची बोटं गेली. तेही पाणी निळं झालं.

"आता कुणाला काढता गावाबाहेर?" उषाबाईंनी विचारलं. "त्या पुडीत मोरचूद आहे. तुम्ही मोसंबीच्या खोडाला लावता, तेच. भाजलं की त्याचा निळा रंग जातो आणि ते राखेत मिसळून जातं. घागरीत नवसागर आणि चुना कालवलाय, त्यातून अमोनिया निघतो; हा उग्र वास त्याचाच. अमोनियातल्या नायट्रोजनकडे दोन इलेक्ट्रॉनची एक मोकळी जोडी असते. ती तो मोरचुदातल्या तांब्याला देऊ करतो. असे चार अमोनिया तांब्याला चिकटले की पाणी गर्द निळं होतं. हात कुणाचा, हे त्या जोडीला कळत नाही."

तुळजाबाई हापशावर हात घासून धुऊन आली. घागरीतलं पाणी पुन्हा वाटग्यात ओतून तिनं सगळ्यांदेखत हात बुडवले. पाणी स्वच्छ राहिलं.

दुसरी पुडी कशाला, एवढं एकानं जरी आधी विचारलं असतं, तरी दगड उचलायची वेळ आली नसती. विचारायला काही खर्च येत नाही.

सर्जेरावांच्या हातात दगड तसाच होता.

"दादा, ठेवा तो खाली," तुळजाबाई म्हणाली. "लेकराला उचला. भोकरदनची यष्टी यायचा टाइम झाला."